वाचकांचे प्रश्न : पारंपरिक धनुष्य, बाणाचे टोक आणि त्याची धार

उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या काही मराठी वाचकांनी धनुष्याने करायच्या शिकारीविषयी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. त्यांतले बहुतेक ब्रॉडहेडविषयी, म्हणजे मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी बाणाला बसवायच्या रुंद, धारदार पात्यांच्या पोलादी टोकाविषयी आहेत. महाराष्ट्रातून आलेल्या दोन पत्रांनाही येथेच उत्तर दिले आहे.

प्रश्न : मी रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले पारंपरिक धनुष्य वापरतो आणि माझ्या ओढीला त्याचा जोर ४८ पौंड भरतो. हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे आणि येत्या सप्टेंबरात प्रथमच एल्कच्या (उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाण्याचा विचार आहे. दुकानात दोन पात्यांची, तीन पात्यांची, आदळताच उघडणाऱ्या पात्यांची अशी असंख्य ब्रॉडहेड मांडलेली असतात आणि त्यांची वजनेही १०० ग्रेनपासून २०० ग्रेनच्या पुढे जातात. निवड कशी करावी?
— एक वाचक, फोर्ट कॉलिन्स, कोलोराडो

उत्तर : निवडीची सुरुवात दुकानातल्या फळीपासून न करता तुमच्या धनुष्याच्या ताकदीपासून करा. ४८ पौंडांच्या रिकर्व्हमधून सुटलेला ५५० ग्रेनचा, म्हणजे साधारण ३६ ग्रॅमचा बाण सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने जातो आणि त्याच्याजवळ जेमतेम ४५ ज्यूल ऊर्जा असते. एल्कसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या थर्टी-ऑट-सिक्स रायफलच्या गोळीजवळ नळीतून सुटताना सुमारे ३,८०० ज्यूल असतात. गोळी धक्क्याने पेशी फाडते. बाणाला ते शक्य नाही. बाण फक्त कापतो, आणि तो किती खोल कापत जाईल हे पात्याचा आकार, मजबुती आणि धार यांवरच ठरते. ही गोष्ट एकदा मनाशी पक्की केली की दुकानातला निम्मा माल आपोआप बाजूला होतो.

आदळताच उघडणारी पाती आधी बाजूला ठेवा. ती उघडण्यातच थोडी ऊर्जा खर्च होते आणि कप्प्या लावलेल्या आधुनिक कंपाउंड धनुष्याला ती परवडते, तुमच्या धनुष्याला परवडत नाही. तीन पात्यांची टोके मोठी जखम करतात आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी, ५५ पौंडांच्या आसपासच्या धनुष्यावर, ती चांगली चालतात. पण प्रत्येक जादा पाते म्हणजे कातडीतून आणि मांसातून ओढत न्यावी लागणारी आणखी एक धार. एल्कची कातडी जाड, बरगड्या रुंद आणि छाती खोल असते. म्हणून ४८ पौंडांना माझा स्पष्ट कौल अखंड पोलादाच्या दोन पात्यांच्या टोकाला आहे: रुंदी २७ ते २९ मिलिमीटर, लांबी रुंदीच्या अडीच ते तीनपट. लांब आणि निमुळते पाते कमी जोरात अधिक खोल जाते, कारण तेवढीच रुंदी ते अधिक सावकाश उघडते. कोलोराडोच्या नियमानुसार टोकाची रुंदी किमान सात अष्टमांश इंच, म्हणजे २२ मिलिमीटर, आणि त्याला पोलादाच्या किमान दोन धारा असाव्या लागतात. धनुष्याचा जोर किमान ३५ पौंड असावा लागतो. त्या कसोटीत तुम्ही सहज बसता, परंतु ३५ पौंड ही कायद्याची किमान मर्यादा आहे, एल्कसाठी केलेली शिफारस नव्हे.

या विषयात एड ॲशबी यांचे काम वाचण्यासारखे आहे. १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल प्रांतात त्यांनी मोठ्या प्राण्यांवर बाणांच्या प्रवेशाच्या चाचण्या सुरू केल्या आणि पुढे अनेक वर्षे त्या चालू ठेवल्या. त्यांच्या यादीत पहिला क्रमांक बाणाच्या आणि टोकाच्या मजबुतीला आहे, दुसरा बाणाच्या सरळ उड्डाणाला. इतर सगळे त्यानंतर येते. वाकलेले, तुटलेले किंवा दांड्यावरून निखळलेले टोक कितीही धारदार असले तरी तिथेच थांबते. जड हाड भेदण्यासाठी ६५० ग्रेनच्या, म्हणजे ४२ ग्रॅमच्या, आसपास बाणाचे एकूण वजन असावे, हा त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. तुमच्या धनुष्याला एवढे वजन जरा मंद पडेल. अठरा मीटरांच्या आत, खांदा टाळून फक्त बरगड्यांवर बाण सोडायचा, हा नियम तुम्ही पाळणार असाल तर ५५० ते ६०० ग्रेन मला योग्य वाटतात आणि त्यांत टोकाचे वजन १७५ ते २०० ग्रेन असावे.

टोक जड केले की सुटताना दांडा अधिक वाकतो, हे मात्र विसरू नका. आधी टोकाचे वजन ठरवा आणि मग त्याला पेलेल इतका ताठ दांडा निवडा. पिसे नसलेला बाण सोडून दांड्याचा ताठपणा तपासा आणि शेवटी ब्रॉडहेड बसवलेला बाण सरावाच्या टोकाच्या बाणाजवळच लागतो की नाही ते पाहा. तो एका बाजूला सरकत असेल तर दोष टोकाचा नाही, जुळणीचा आहे. लाकडी दांडा असेल तर पाच अंशांच्या उताराने तासलेल्या टोकावर ब्रॉडहेड गरम गोंदाने चिकटवतात. बसवल्यावर बाण बोटांवर फिरवून टोक डगमगते का ते नीट पाहा.

आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वी विचारा, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे: हे टोक मला स्वतःला पाजवता येईल का? रॉकवेल सी मापनावर ४५ ते ५० कठीणपणाचे पोलाद साध्या कानशीने घासता येते. ५५च्या पुढे कानस त्यावरून घसरू लागते आणि हिऱ्याच्या पट्ट्या लागतात. तशी धार अधिक टिकते, पण ती आणण्यासाठी हातही अधिक सरावलेला लागतो. विकत आणलेल्या टोकाला बहुधा शिकारीस पुरेल अशी धार नसते आणि असली तरी ती तळावरच्या तिसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. ज्याची धार तुम्हाला तंबूबाहेर बसून पुन्हा आणता येते ते साधे, स्वस्त टोक, ज्याची येत नाही अशा महागड्या टोकापेक्षा नेहमीच चांगले.

प्रश्न : एका बाजूनेच उतार दिलेल्या पात्यांची सध्या खूप स्तुती ऐकू येते. तशी टोके आणली, पण ती डाव्या उताराची आहेत आणि माझ्या बाणांना उजव्या पंखाची पिसे आहेत. चालेल का?
— एक वाचक, मॅडिसन, विस्कॉन्सिन

उत्तर : चालवू नये. एका बाजूच्या उतारामुळे पाते मांसात शिरताना स्वतःभोवती फिरत जाते, आणि हाडात शिरले तर त्या पिळाने हाड तडकण्याची शक्यता वाढते. या रचनेचा खरा फायदा तोच. उड्डाणात बाण ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने पात्याचा पिळ पडला तर दोन्ही बळे जुळतात. उजव्या पंखाची पिसे बाणाला, मागून पाहिल्यास, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवतात आणि डावा उतार त्याच्या उलट. त्यामुळे आत शिरताना बाणाला आधी आपले फिरणे थांबवावे लागते. टोके बदलून उजव्या उताराची घ्या किंवा पुढचे बाण डाव्या पिसांचे करा. दोन्ही बाजूंना उतार असलेल्या टोकांना हा प्रश्नच येत नाही, आणि हरणासाठी ती पूर्ण समाधानकारक आहेत.

प्रश्न : ब्रॉडहेडला धार लावणे मला काही केल्या जमत नाही. स्वयंपाकघरातले चाकू ओढून धार लावायचे यंत्र वापरले, दगडही वापरला. हातावरचे केस निघतात, पण पुठ्ठ्यातून एकदा बाण गेला की धार नाहीशी होते. कोठे चुकते आहे?
— एक वाचक, मिसिसागा, ओंटारियो

उत्तर : केस निघतात पण धार टिकत नाही, या वर्णनातच उत्तर आहे. तुमच्या पात्यावर खरी धार तयार झालेली नाही. घासताना कडेला उभा राहिलेला पोलादाचा पातळ पापुद्रा, ज्याला कारखान्यात बर म्हणतात, तो केस कापतो आहे. जाड कातडीशी किंवा पुठ्ठ्याशी गाठ पडताच तो दुमडतो आणि खाली भोथरी कड उरते. ओढायच्या यंत्राने तर ही अडचण वाढते, कारण त्यातली कठीण धातूची पाती पोलाद कापण्याऐवजी ओरबाडतात. एका बाजूच्या उताराच्या टोकाला ते यंत्र मुळीच लावू नये.

सुरुवातीलाच सुरक्षिततेचे सांगतो. उघडे ब्रॉडहेड बोटांत धरून घासू नका. दांड्याचा वीतभर तुकडा कापून त्यावर टोक बसवा, तो मुठीसारखा धरा, आणि दुसऱ्या हातात चामड्याचा हातमोजा घाला.

दोन पात्यांच्या, दोन्ही बाजूंना उतार असलेल्या टोकासाठी आठ किंवा दहा इंची, एकेरी दातांची कानस घ्या. उताराच्या पूर्ण रुंदीवर मार्करने शाई लावा आणि एकदाच हलका हात फिरवा. शाई फक्त कडेपाशी पुसली गेली तर तुमचा कोन फार उभा आहे; फक्त मागच्या बाजूला पुसली गेली तर फार आडवा. संपूर्ण उतारावरून ती सारखी निघू लागेपर्यंत हात बदलत राहा. प्रत्येक बाजूला २० ते २५ अंश हा मोठ्या प्राण्यांसाठी योग्य कोन आहे. त्याहून पातळ धार बरगडीवर दुमडते. कानस पुढे ढकलताना कापते, म्हणून परत आणताना ती उचला, अन्यथा तिचे दात मरतात. दातांत अडकलेला कीस तारेच्या ब्रशने वारंवार काढा, नाहीतर तोच कीस पात्यावर ओरखडे पाडतो.

एका बाजूने घासत राहा, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला टोकापासून मुळापर्यंत सलग बर जाणवत नाही. ती पाहण्यासाठी अंगठा धारेला आडवा, आतून बाहेरच्या दिशेने फिरवा. धारेच्या लांबीवरून कधीही नाही. बहुतेकांची चूक या टप्प्यावर होते: बर मध्यभागी जाणवते, टोकापाशी जाणवत नाही, आणि माणूस कंटाळून बाजू बदलतो. बर जिथे आलेली नाही तिथे धार झालेली नाही, मग पुढे कितीही चकाकी आणा. ती सलग आली की बाजू बदला, तितकेच घासा, आणि मग बाजू आलटून पालटून दाब कमी करत चला. शेवटी कानशीचे वजनच काय ते पात्यावर पडावे. आता बारीक दगडावर, नंतर सिरॅमिकच्या पट्टीवर त्याच कोनात हलके हात द्या. अखेरीस न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवतो तसे पाते हिरव्या क्रोमियम ऑक्साइडचा लेप दिलेल्या चामड्यावर, धार मागे ठेवून, ओढा. उरलेली बर इथे निघून जाते आणि तिच्याखालची खरी धार उघडी पडते.

एका बाजूच्या उताराच्या टोकाला सारे काम उताराच्या बाजूनेच करायचे. सपाट बाजूवर उभी राहिलेली बर दगडावर ती बाजू पूर्ण टेकवून एकदोनदा हलके फिरवून काढा. पाते जराही उचलले तर तिथे दुसरा उतार तयार होतो आणि टोकाचा गुण जातो. तीन पात्यांची टोके याउलट सर्वांत सोपी. पाती एकमेकांशी १२० अंशांत असल्याने टोक कानशीवर ठेवले की दोन पाती आपोआप टेकतात आणि प्रत्येकावर ३० अंशांचा उतार पडतो. टोक पुढे ठेवून ढकला, तिन्ही बाजूंना तेवढेच हात द्या. धारेचा एकूण कोन ६० अंश होतो, म्हणजे ती दोन पात्यांच्या धारेइतकी तीक्ष्ण कधीच होत नाही. पण कोन चुकण्याची भीती नाही, आणि नवशिक्याच्या हातून तीन पात्यांचे टोक दोन पात्यांच्या टोकापेक्षा अनेकदा चांगले पाजवले जाते, हे मान्य केले पाहिजे.

परीक्षेसाठी केसांवर अवलंबून राहू नका. दोन खिळ्यांमध्ये रबरबँड सैल, जेमतेम ताण असलेला लावा आणि पाते त्याला टेकवून ओढा. ते न दबता लगेच तुटले पाहिजे, आणि हे धारेच्या प्रत्येक भागावर करून पाहिले पाहिजे. रक्तवाहिनीही अशीच सैल आणि लवचीक असते. भोथरे पाते तिला बाजूला सारून निघून जाते.

जुने शिकारी कानशीनंतर थांबून धार थोडी दातेरी ठेवत असत, आणि विसाव्या शतकातले नामवंत धनुर्धर हॉवर्ड हिल हे त्याच मताचे होते. माझा कल गुळगुळीत धारेकडे आहे. फाटलेल्या पेशींतून रक्त गोठवणारी द्रव्ये अधिक बाहेर पडतात, स्वच्छ कापलेल्या जखमेत ती कमी पडतात, त्यामुळे रक्तस्राव चालू राहतो आणि प्राणी लवकर कोसळतो. तरीही नीट केलेली कानशीची धार ही अर्धवट चमकवलेल्या धारेपेक्षा केव्हाही बरी. पट्टा जमत नसेल तर कानशीवर थांबा, पण बर काढूनच थांबा.

प्रश्न : आमचे जावई कोलोराडोत धनुष्याने शिकार करतात. बंदुकीने प्राणी तत्काळ मरतो. मग बाणाने मारणे अधिक क्रूर नाही का? मला हे पटत नाही आणि त्यांना विचारायला संकोच वाटतो.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा प्रश्न योग्य आहे आणि तो जावईबापूंना अवश्य विचारावा. विचारी शिकारी त्याला टाळत नाही. धारदार बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तर रक्तदाब झपाट्याने उतरतो, फुप्फुसे मिटतात आणि प्राणी बहुधा काही सेकंद धावून शुद्ध हरपून पडतो. परंतु हाच बाण पोटात लागला तर मरण तासन्‌तास लांबते, आणि भोथरे टोक किंवा आवाक्याबाहेरचे अंतर यांमुळे तसे घडले तर तो दोष पूर्णपणे शिकाऱ्याचा असतो. म्हणूनच जबाबदार धनुर्धर जवळूनच आणि प्राणी आडवा किंवा किंचित पाठमोरा असतानाच बाण सोडतो. समोरून किंवा पळत्या प्राण्यावर तो सोडत नाही.

सगळ्या देशांचे यावर एकमत नाही. ब्रिटनमध्ये धनुष्याने शिकार करण्यास कायद्याने मनाई आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये हरणांसाठी धनुष्याचा स्वतंत्र हंगाम सुरू केला आणि पुढे इतर राज्यांत ही प्रथा पसरली. तिथल्या या छंदाच्या मुळाशी इशी नावाच्या, ‘याही’ या मूळ अमेरिकी जमातीतल्या माणसाचे नाव आहे. १९११ मध्ये तो कॅलिफोर्नियात एकटाच उरलेला सापडला, विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला आणि १९१६ मध्ये मरण पावला, त्याच्याकडून डॉ. सॅक्स्टन पोप धनुष्य आणि बाण करायला शिकले. इशी ऑब्सिडियन या ज्वालामुखीच्या काचेची टोके घडवत असे, ज्यांची धार पोलादाहून तीक्ष्ण पण ठिसूळ असते. आज कोलोराडोत तसे टोक वापरता येणार नाही, कारण नियमात पोलादी धार असा स्पष्ट उल्लेख आहे. ब्रॉडहेडसह धनुर्विद्येच्या साहित्यावर तिथे ११ टक्के केंद्रीय उत्पादन कर असून तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राज्यांना मिळतो. १९३७च्या बंदुकांवरील करकायद्यात १९७२ मध्ये धनुष्यबाणांची भर पडली. या सगळ्याने तुमची अस्वस्थता संपेल असे मी म्हणत नाही. पण जावई धारेसाठी किती वेळ देतात, हे पाहून त्यांच्या शिकारीविषयी पुष्कळ काही कळेल.

प्रश्न : ब्रॉडहेड ऑनलाइन मिळतात. शेतात रानडुकरे फार त्रास देतात. त्यांच्यासाठी वापरता येतील का?
— एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीत मारण्याचा प्रयत्नही मोडतो, आणि पिकाचे नुकसान झाले तरी परवानगी देण्याचा अधिकार कायद्याने ठरवलेल्या वन अधिकाऱ्याकडेच असतो. नुकसानभरपाईसाठी आणि उपायांसाठी वन विभागाकडे अर्ज करावा. धनुष्याची आवड असेल तर प्राण्यांच्या आकाराच्या फोमच्या लक्ष्यांवर होणारी थ्रीडी तिरंदाजी उत्तम आहे. तिथे साधी सरावाची टोके लागतात.

प्रश्न : पावसात भिजल्यावर टोके गंजतात आणि भात्यातून काढता-ठेवताना धारही जाते. काय करावे? एकदा प्राण्याला लागलेले टोक पुन्हा वापरावे का?
— एक वाचक, डुलुथ, मिनेसोटा

उत्तर : धारेवर व्हॅसलिनचा अगदी पातळ थर द्या आणि पावसाळी दिवशी संध्याकाळी टोके पुसून पुन्हा लावा. भात्याच्या फोममध्ये पाते सरळ आत घाला आणि सरळ बाहेर काढा. तिरपे ओढले की धार फोमवर घासते. सरावासाठी त्याच वजनाचे एखादे ब्रॉडहेड वेगळे ठेवा आणि त्यावर रंगाची खूण करा, म्हणजे लक्ष्यातून काढलेले टोक चुकून शिकारीच्या बाणावर जाणार नाही.

वापरलेले टोक साबणाने धुऊन कोरडे करा आणि बाणावर बसवून फिरवून पाहा. ते सरळ फिरत असेल आणि कोठे चीर नसेल तर पुन्हा पाजवून वापरावे. अणी दोनतीन मिलिमीटर दुमडली असेल तर तेवढी कानशीने तिरपी कापून छोटे, छिन्नीसारखे टोक करा. ते सुईसारख्या अणीपेक्षा हाडावर अधिक टिकते. पाते मुळापाशी वाकले असेल तर ते ठोकून सरळ करू नका. धारांवर जाड चिकटपट्टी गुंडाळून ते टाकून द्या. आणि झाडावरच्या मचाणावर चढताना उघडे बाण कधीही हातात किंवा दोरीवर ठेवू नका. आधी तुम्ही चढा, सुरक्षापट्टा अडकवा, मग झाकलेला भाता आणि धनुष्य दोरीने वर ओढून घ्या.